भुऱ्याचे दात

स्मरणिका म्हटली की तीत संस्थेची वाटचाल, इमारतींचा इतिहास, दात्यांची नामावली आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असावयाचीच. ती याही अंकात आहेत. संपादक मंडळाने वसतिगृहाविषयी काही लिहावे असे आम्हांस सुचविले, तेव्हा आम्हीही त्याच वाटेने जाणार होतो. 'आम्ही' म्हणजे वसतिगृहाचे अधीक्षक, तिघे निवासी शिक्षक आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या दोघी मावशी. आठवणी काढण्यासाठी आम्ही चार संध्याकाळी एकत्र बसलो आणि चारही वेळा बोलणे फिरून फिरून भुऱ्यावर येऊन थांबले. माजी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी येत, तेव्हा तेही आमच्या प्रकृतीआधी भुऱ्याची चौकशी करीत. म्हणून हा लेख एका कुत्र्याविषयी, त्यातही त्याच्या दातांविषयी आहे. विषय क्षुद्र वाटेल याची आम्हांस कल्पना आहे.

अंकुशनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. गोदाकाठचा ऊस आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी यांवर अंबड तालुक्याचा हा भाग उभा आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते, उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि मळीचा आंबूस गोड वास वर्गापर्यंत येतो. आपल्या शाळेतील अनेक मुलांचे आईवडील त्याच सुमारास कोयता घेऊन दूरच्या कारखान्यांवर जातात आणि दूरची माणसे कोयता घेऊन आपल्याकडे येतात. अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या एका हंगामाच्या अखेरीस पट्टा पडला, टोळ्यांनी कोप्या मोडल्या, भांडीकुंडी गाड्यांवर चढली आणि पाचटाच्या ढिगाऱ्यात एक पिल्लू मागे राहिले. सातवीतील दोन मुलांनी ते सदऱ्यात गुंडाळून वसतिगृहात आणले. दोघांचेही आईवडील अद्याप हंगामावरून परतलेले नव्हते. मागे राहिलेले पिल्लू त्यांनी का उचलले हे विचारण्याचे आम्हांस कारण नव्हते. पिल्लू राहिले. त्याच्या मातकट रंगावरून मुलांनी त्याचे नाव भुऱ्या ठेवले.

त्याची नसबंदी करून घेतली, रेबीजची लस दरवर्षी न चुकता टोचली. एवढ्यावर आमचे कर्तव्य संपले असे आम्ही समजत होतो. बाकी त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची उणीव नव्हती आणि हे प्रेम बहुतेक खाण्याच्याच रूपाने प्रकट होई. मुलाला भेटावयास आलेली आई आधी मुलाच्या हातावर खाऊ ठेवी, मग भुऱ्यापुढे ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा फोडी. हंगामावरून परतणारे बाप गुळाची ढेप आणीत. तिचा एक खडा त्याला मिळे. रविवारी वसाहतीतून रश्श्यातली हाडे येत. एरवी आमच्याच ताटातील उरलेली भाकरी आणि कांदा-लसणाच्या फोडणीचे वरण. तो सगळे खाई, आणि खातो त्याअर्थी ते त्याला मानवते, हा आमचा सिद्धांत होता.

सायंकाळच्या वंदनेच्या वेळी भुऱ्या सभागृहाच्या उंबऱ्यावर पाय पसरून पडे. त्रिशरण-पंचशील संपून मुले उठली की तोही उठे. नवव्या-दहाव्या वर्षी त्याच्या तोंडाला वास येऊ लागला. पुढे तो इतका वाढला की दारालगतच्या रांगेतील मुले नाकावर रुमाल धरून बसू लागली. वय झाले, आता असेच व्हायचे, असे आम्ही एकमेकांस सांगितले आणि मासिक बैठकीत ठराव केला : वंदनेच्या वेळी कुत्र्यास स्वयंपाकघरामागे बांधून ठेवावे. हा ठराव वसतिगृहाच्या नोंदवहीत आमच्या सह्यांनिशी आहे, म्हणून येथे तो गाळता येत नाही. कोणास उंबऱ्याबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तरीही सही करताना आमच्यापैकी एकाचाही हात अडखळला नाही.

पुढे त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. गांधीलमाशी चावली असावी असे आम्हांस वाटले. मावशींनी हळद लावली. सूज फुटली, पू वाहिला, जखम भरली. महिनाभराने तीच सूज त्याच जागी पुन्हा उभी राहिली. एव्हाना भुऱ्या बारीक होऊ लागला होता. त्याचेही कारण आम्ही वयातच शोधले.

सहावीतील एका मुलीने आम्हांस थांबविले. तिच्या घरी शेळ्या होत्या, आणि न बोलणाऱ्या जिवाकडे कसे पाहावे हे ती घरीच शिकली होती. ती म्हणाली, "सर, भुऱ्याला भूक हाय, पण त्याचं दुखतंय. भाकर तोंडात धरतो आन् सोडून देतो. एकाच अंगानं चावतोय बघा." आठ दिवस तिने हे पाहिले होते. आम्ही दहा वर्षे त्याला वाढीत होतो. तो कसा खातो हे आमच्यापैकी कोणी उभे राहून पाहिले नव्हते.

पशुवैद्यकीय दवाखान्यात नेहमीप्रमाणे गाई-बैलांची गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी भुऱ्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि उजवा ओठ नुसता वर उचलला. जे दिसले ते पाहून आम्ही मान फिरविली. दात पांढरे नव्हतेच. त्यांवर तपकिरी किटणाचे कवच चढले होते, हिरड्या लाल होऊन मागे सरल्या होत्या आणि वरच्या जबड्यातील मोठी उपदाढ उभी तडकलेली होती. डोळ्याखालची सूज त्या उपदाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची होती. या दाताची मुळे डोळ्याच्या खालीच असतात, त्यामुळे तेथील पू गालावर, डोळ्यालगत वाट काढतो. तडक कशाने गेली हे सांगण्यास डॉक्टरांना विचार करावा लागला नाही : हाडाने. रविवारच्या हाडांचा आम्हांस केवढा अभिमान होता!

त्या दिवशी आम्हांस जे कळले ते येथे थोड्या विस्ताराने लिहितो, कारण अनेकांच्या दारी म्हातारे कुत्रे असते आणि आमच्यासारखेच समज घरोघरी असतात. कुत्र्याला पूर्ण वाढीअंती ४२ दात असतात : पटाशीचे १२, सुळे ४, उपदाढा १६ आणि दाढा १०. त्याचा जबडा बिजागरीसारखा वरखाली होतो. गाय रवंथ करताना फिरविते तसा तो बाजूला फिरत नाही. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही त्याची कात्री होय. कात्रीने मांस कापावे. दगड फोडू लागल्यास ती मोडते. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेहून अधिक अल्कधर्मी असल्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, परंतु किटण मात्र लवकर धरते. खाल्लेल्या अन्नावर जिवाणूंचा चिकट थर वाढतो आणि दोन-तीन दिवसांतच तो दगडासारखा कठीण होऊ लागतो. मग तो हिरडीखाली उतरतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजवितो आणि दात हलू लागतात. जखमी हिरड्यांतून जिवाणू रक्तात जातात; मूत्रपिंड, यकृत आणि हृदय यांच्या विकारांशी या रोगाचा संबंध आढळलेला आहे. तोंडाला येणारा वास हा या सर्वाचा पहिला निरोप असतो. कुत्रा विव्हळत नाही. शेवटपर्यंत खात राहतो. म्हणून आपण त्याला वय म्हणतो.

भाकरीविषयी मात्र आमची निष्कारण भीती दूर झाली. कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी घालणे हाच गुन्हा, असे आमच्यातील एक शिक्षक मोठ्या ठामपणे सांगत असत. वस्तुतः माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून कुत्र्याने माणसाचे अन्न पचविण्याची शक्ती मिळविली आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, पिष्ट पचविणारे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. ज्वारीची भाकरी त्याला पचते. फक्त ती एकटी पुरत नाही. बिस्किटांचे तसे नाही. मैदा आणि साखर यांचा लगदा दातांच्या फटींत बसतो, अंगावर चरबी चढवितो आणि पोषण मात्र देत नाही. फोडणीतील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, हे ऐकून दोघी मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दाताचे काम तालुक्याच्या ठिकाणी होण्यासारखे नव्हते. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्यावे, असा सल्ला मिळाला. एवढ्या वयाच्या कुत्र्याला भूल द्यावी काय, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. आणखी दोन वर्षे जगणाऱ्या जिवासाठी एवढा खर्च कशाला, असेही एकाने म्हटले, आणि ते म्हणणे अगदीच अयोग्य होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. वसतिगृहाच्या पैशातून मुलांच्या वह्या येतात. शेवटी पैसा वर्गणीतून उभा राहिला. तीत पहिली रक्कम त्या म्हणणाऱ्याचीच होती.

परभणीस आधी रक्त तपासले. मूत्रपिंड व यकृत काम करीत असतील तर केवळ वय झाले म्हणून भूल नाकारण्याचे कारण नसते, असे तेथे सांगण्यात आले. भूल न देता वरवरचे किटण खरवडता येते, पण रोग हिरडीखाली असतो आणि तो तसाच राहतो. दात तेवढे स्वच्छ दिसतात आणि मालकाचे समाधान होते. भुऱ्याच्या तडकलेल्या उपदाढेला तीन मुळे होती. ती सरळ ओढून निघत नाही. तिचे तुकडे करून एकेक मूळ वेगळे काढावे लागते. त्या दिवशी एकूण नऊ दात काढले. भुलीतून बाहेर येताना तो जीभ बाहेर काढून पडला होता आणि बरोबर आलेली सहावीतील ती मुलगी त्याच्या पायावर हात ठेवून बसली होती. परतीच्या वाटेवर तिने एकच प्रश्न विचारला : "आता त्यो कशानं खाईल?"

उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले. मऊ कालवलेला भात त्याने जिभेने उचलला आणि थाळी पुसून काढली. कुत्रा मुळातच फार चावून खात नाही. दुखणारा दात असण्यापेक्षा तो नसणे त्याला परवडते. दोन आठवड्यांत त्याच्या डोळ्याखालची जागा सपाट झाली. तोंडाचा वास गेला. महिनाभरात तो मुलांच्या मागे मैदानावर धावला, तेव्हा आमच्या ध्यानात आले की गेली दोन वर्षे तो धावलाच नव्हता.

त्याचा आहार ठरविताना मात्र खरी कसोटी लागली. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, थोडे थोडे : गरम पाण्यात भिजविलेली भाकरी किंवा मऊ भात, फोडणीपूर्वी बाजूला काढलेले अळणी वरण, उकडलेला भोपळा किंवा गाजर, दही. दूध मोठ्या कुत्र्यांना पुष्कळदा पचत नाही, दही त्या मानाने सोसते. घरच्या अन्नात कमी पडणारे कॅल्शियम औषधातून. आणि रोज एक उकडलेले अंडे. येथे अडले. आपले स्वयंपाकघर पूर्वीपासून शाकाहारी. वय झाले, आता हलके खाऊ द्या, अंडे कशाला, असा एक पक्ष होता. पहिल्या शीलाचा दाखला देणारा दुसरा. पहिल्याला उत्तर डॉक्टरांनी दिले होते : मूत्रपिंड निकोप असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याची प्रथिने तोडू नयेत, त्याने अंगावरचे स्नायू झडतात. दुसऱ्याला उत्तर देणे कठीण होते. देवदत्ताने भिक्षूंसाठी मांसत्यागाचा नियम मागितला आणि भगवंतांनी तो सर्वांवर लादण्यास नकार दिला, एवढे विनयात आहे; त्यावरून कुत्र्याच्या अंड्याचा निकाल लागतो असा आमचा दावा नाही. अंडे वेगळ्या भांड्यात, अंगणातील चुलीवर उकडावे असे ठरले. तडजोड होती. भुऱ्याने तिच्यावर मत दिले नाही.

उरलेल्या तेहतीस दातांची निगा मुलांकडे आली. एका मावशींनी प्रेमाने मशेरीची डबी पुढे केली होती. तंबाखू कुत्र्याला विष आहे हे सांगून ती परत करावी लागली, आणि त्या निमित्ताने त्यांच्या स्वतःच्या मशेरीविषयीही चार शब्द झाले. त्यांचा परिणाम अद्याप दिसलेला नाही. आपली टूथपेस्टही चालत नाही, कारण कुत्रा चूळ भरीत नाही, सगळे गिळतो. प्रथम बोटाला ओले मऊ कापड गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजू पुसणे, मग लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट, असा क्रम होता. रोज दोन मुले, पाळीपाळीने, आणि शेजारी आमच्यापैकी एकजण. ओळखीचे, लस टोचलेले कुत्रे असले तरी तोंडात हात घालताना मोठे माणूस हवेच; अनोळखी कुत्र्याच्या तोंडाशी जाऊच नये, हे मुलांना पहिल्या दिवशी बजावले.

या पाळीचा एक परिणाम आमच्या कल्पनेत नव्हता. भुऱ्याचे दात पुसणारी मुले एकमेकांचे दात पाहू लागली. उसाच्या फडात वाढलेली मुले कांडे दातांनीच सोलतात, आणि रात्री साखरेचा रस तोंडात तसाच ठेवून झोपतात. कुत्र्याचे दात किडत नाहीत, आपले किडतात. त्यानंतर झालेल्या तपासणीत किती मुलांच्या दाढा पोखरलेल्या निघाल्या, हा आकडा आम्ही येथे देत नाही, मुले ओळखू येतील. चुल्लवग्गात दंतकाष्ठाची अनुज्ञा आहे, ती तेव्हा आम्ही वर्गात वाचून समजावली. दात न घासण्याचे पाच दोष तेथे सांगितले आहेत : डोळ्यांस अपाय, मुखाला दुर्गंधी, रुचीच्या वाटा अस्वच्छ राहणे, अन्नावर पित्त व कफ बसणे, आणि अन्न गोड न लागणे. काही भिक्षू लांबलचक दंतकाष्ठे घेऊन त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले, तेव्हा आठ अंगुळांची मर्यादा घातली गेली. मग एकाने इतके तोकडे वापरले की ते घशात अडकले, म्हणून चार अंगुळांची किमान लांबीही ठरली. मुले यावर पोट धरून हसली. वर्गाबाहेर लिंबाच्या काड्या बोटांनी मोजल्या गेल्या.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला प्रवचनासाठी कुक्कुर जातक निवडले होते. वाराणसीच्या राजाच्या रथाचा चामड्याचा साज रात्री पावसाने भिजला आणि कुत्र्यांनी खाल्ला. राजाने नगरातील सर्व कुत्रे मारण्याची आज्ञा दिली, राजवाड्यातील कुलीन कुत्रे तेवढे वगळून. स्मशानात राहणारा श्वानराजा, म्हणजे बोधिसत्त्व, राजापुढे गेला आणि त्याने महालातील कुत्र्यांना ताकात कालवलेला दर्भ पाजावयास लावले. त्यांच्या ओकारीतून चामडे बाहेर पडले. कथा सांगून झाल्यावर आठवीतील एका मुलाने उठून विचारले की, राजाने आधीच कुत्र्यांचे तोंड उघडून का पाहिले नाही. सभागृहात काही क्षण कोणीच बोलले नाही. अधीक्षकांनी त्याच संध्याकाळी नोंदवही मागविली आणि जुना ठराव रद्द केल्याची नोंद त्याच पानावर खाली केली. पान फाडावे असे एकाने सुचविले होते. ते मान्य झाले नाही.

आपल्या सभागृहात, प्रवेशद्वाराच्या डाव्या हातास, फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातले छायाचित्र आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंद यांच्यासोबत त्यात बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. पुढल्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाईंचे निधन झाले. त्यामुळे या छायाचित्रापुढे आपली माणसे नेहमी थोडी थांबतात. इतकी वर्षे आम्हीही थांबत होतो, पण टॉबी आहे हे आम्हांस मुलांनी दाखविले. भुऱ्याचा उंबरा या छायाचित्राच्या बरोबर समोर येतो.

परभणीहून आल्यानंतर भुऱ्या दोन वर्षे आणि काही महिने जगला. अखेरच्या हिवाळ्यात त्याची मूत्रपिंडे थकली. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याने अंडे कमी केले, पाणी वाढविले. दात अखेरपर्यंत दुखले नाहीत. गळीत ऐन भरात असताना, गाड्यांच्या गोंगाटात, एका पहाटे तो उंबऱ्यावरच गेला. शाळेमागील लिंबाखाली त्याला पुरले. त्या दिवशी बरीच मुले दूरच्या फडांवर आईबापांना दूरध्वनी करू इच्छीत होती. अधीक्षकांनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

यंदा पट्टा पडल्यावर पाचवीतील मुलांनी पुन्हा एक पिल्लू आणले आहे, काळे, कान लोंबणारे. त्याचे नाव अजून ठरलेले नाही. लस टोचून झाली आहे. पाळीच्या वहीत मुलांनी पहिल्याच दिवशी नोंद केली : दात २८, सर्व दुधाचे.